हिरवी कुंपणे, पांढऱ्या दाढ्या आणि एक प्रेत

रहस्यकादंबरीच्या ज्या शाखेत प्रेत रस्त्यावर न सापडता एखाद्या प्रतिष्ठित घराच्या दिवाणखान्यात सापडते आणि तपास पोलिसांऐवजी एखादी हौशी व्यक्ती करते, म्हणजे जिला या कामाचा पगार मिळत नाही आणि ते करायला कोणी सांगितलेलेही नसते अशी व्यक्ती करते, त्या शाखेचा संसार मोजक्या सामग्रीवर चालतो. एक घर लागते, ज्यात परका माणूस सहजासहजी शिरू शकत नाही. एक कुटुंब लागते, ज्यातील प्रत्येकापाशी खून करण्याचे सबळ कारण असते, पण जे रोज रात्री एकमेकांच्या ताटात आग्रहाने वाढत असते. आणि एक शेजारी लागतो, ज्याला भरपूर वेळ आहे, तीक्ष्ण नजर आहे आणि दुसऱ्याच्या घरात नाक खुपसण्याचा संकोच नाही. अगाथा ख्रिस्ती या इंग्रज लेखिकेने १९३० साली मिस मार्पल या विणकाम करणाऱ्या वृद्धेला एका संपूर्ण कादंबरीची नायिका केले, तेव्हा गावातल्या म्हातारीला जे ठाऊक असते ते स्कॉटलंड यार्डला फार उशिरा कळते, हा सिद्धांत साहित्यात प्रस्थापित झाला. मराठी गावांना तो त्याआधीपासून माहीत होता. फक्त त्यावर कोणी पुस्तक काढले नव्हते.

कुटुंब आणि खून यांची सांगड मराठी वाचकाला परकी नाही. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला, त्या प्रकरणात बंदिस्त घर होते, सत्तेसाठी आसुसलेले काका होते, आणि कागदावरचे एक अक्षर बदलून हुकुमाचा अर्थच फिरवल्याची आख्यायिका होती, जिच्यावर कोणत्याही रहस्यलेखकाने समाधानाने कादंबरी संपवली असती. कमतरता होती ती फक्त हौशी शोधकाची, कारण तपास रामशास्त्री प्रभुणे यांच्याकडे गेला आणि ते पगारी न्यायाधीश होते. पुढे हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिणाऱ्या बाबूराव अर्नाळकरांनी धनंजय आणि छोटू ही जोडी घराघरांत पोहोचवली, आणि भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे तर अस्सल हौशी होता, कारण तो शाळेत जात असल्यामुळे त्याच्या पगाराचा प्रश्नच उद्भवत नव्हता.

घर, कुटुंब आणि शेजारी या सामग्रीची परीक्षाच घ्यायची तर चंडीगडइतकी कठोर जागा भारतात दुसरी नाही. फाळणीत लाहोर गेल्यामुळे पूर्व पंजाबला राजधानी उरली नाही आणि शिवालिक टेकड्यांच्या पायथ्याशी नवे शहर वसवायचे ठरले. आल्बर्ट मेयर हा अमेरिकन नियोजनकार आणि मॅथ्यू नोविकी हा पोलिश वास्तुकार यांनी पहिला आराखडा केला, १९५० मध्ये नोविकी विमान अपघातात गेला, आणि १९५१ पासून हे काम ल कॉर्बुझिए या स्विस-फ्रेंच वास्तुकाराकडे आले, ज्याच्या मते घर हे राहण्याचे यंत्र होते आणि ज्याने पूर्वी पॅरिसचा मध्यभाग पाडून तिथे उंच मनोऱ्यांच्या रांगा उभ्या करण्याची योजना मांडली होती. पॅरिसने ती ऐकली नाही. चंडीगडची जमीन मोकळी होती, म्हणजे त्यावर फक्त खेडी होती, आणि खेड्यांना नाही म्हणण्याची सोय नव्हती. मेयरच्या आराखड्यात रस्ते वळणदार होते, ते कॉर्बुझिएने सरळ केले. १२०० मीटर लांब आणि ८०० मीटर रुंद असे चौकोन आखले, त्यांना सेक्टर हे नाव दिले, आणि प्रत्येक सेक्टरमध्ये बाजार, शाळा, दवाखाना व हिरवळीचा पट्टा असा सगळा संसार बसवला. ऊन, मोकळी जागा आणि हिरवळ ही या शहराची घोषित तत्त्वे होत. अंधारा जिना, बोळ, बळद, तळघर, माजघरातून परसात निघणारी चोरवाट, म्हणजे वाड्यात खून करण्यासाठी ज्या ज्या सोयी आपल्या पूर्वजांनी दूरदृष्टीने करून ठेवल्या होत्या, त्यांतली एकही या तत्त्वांत बसत नाही.

रहस्यलेखकाची अडचण इथे संपत नाही. कथेतील शोधकाला संशयिताचा पाठलाग करावा लागतो आणि चंडीगडमध्ये जागोजागी प्रशस्त गोल चौक आहेत, ज्यांना वळसा घालताना पुढची गाडी कोणती आणि मागची कोणती हा प्रश्न भूमितीच्या दृष्टीने अर्थहीन ठरतो. सेक्टर ८ ते ११ या भागात तर तरुण मंडळी गाडीतून विनाकारण पुन्हा पुन्हा त्याच रस्त्याने फेऱ्या मारतात. या प्रकाराला स्थानिक भाषेत ‘गेडी’ म्हणतात, त्यासाठी ठरलेला मार्ग आहे आणि त्यावर गाणीही निघाली आहेत. ज्या गावात संध्याकाळी प्रत्येक जण प्रत्येकाच्या मागे फिरत असतो, तिथे पाळत ठेवणे म्हणजे काय, हे न्यायालयाला पटवून देणे अवघड आहे. शिवाय चौकाचौकांत कॅमेरे आहेत, आणि कथानायकाने उत्कंठेच्या भरात तांबडा दिवा ओलांडला तर खुनी सापडण्याआधी त्याच्या मोबाइलवर दंडाची पावती येते.

तरीही या पारदर्शक शहराने पहिल्याच दिवसापासून एक गूढ अंगावर बाळगले आहे, आणि ते सेक्टरांच्या क्रमांकांत आहे. विज्ञाननिष्ठेचे स्मारक म्हणून उभारलेल्या या शहरात सेक्टर १३ ठेवलाच नाही. बारानंतर थेट चौदा. पाश्चात्त्य देशांत तेराचा आकडा अशुभ मानतात म्हणून तो गाळला, हे त्याचे सर्वत्र सांगितले जाणारे कारण आहे. परंतु नकाशा समोर ठेवून उत्तरेकडून दक्षिणेकडे लागून असलेल्या सेक्टरांच्या जोड्या पाहाव्यात. ५ आणि ८, ४ आणि ९, ३ आणि १०, २ आणि ११ यांची बेरीज दर वेळी १३ येते. त्याखालच्या ओळीत ९ आणि १७, १० आणि १६, ११ आणि १५, १२ आणि १४ यांची २६. त्याहून खाली १८ आणि २१, १७ आणि २२, १५ आणि २४ यांची ३९. म्हणजे ज्या तेराला दारातून हाकलले तो बेरजेच्या खिडकीतून घरात शिरून बसला आहे. हौशी शोधकाला एवढा दुवा तीन प्रकरणे पुरतो, आणि एखादा वास्तुतज्ज्ञ मेलेला सापडला तर पाचही पुरतील. खुलासा मात्र साधा आहे: क्रमांक देणाऱ्याने एका ओळीत डावीकडे जाऊन पुढच्या ओळीत उजवीकडे यावे, शेत नांगरणारा बैल बांधाशी वळतो तसे, एवढी एकच पद्धत पाळली की समोरासमोरच्या आकड्यांची बेरीज आपोआप सारखी राहते. रहस्यकथेतील बहुतेक खुलासे असेच असतात. वाचकाचा राग खुन्यावर नसून या साधेपणावर असतो. २०२० मध्ये प्रशासनाने मनीमाजरा या जुन्या गावाला सेक्टर १३ असे नाव देऊन टाकले, आणि शहराचे एकमेव गूढ फाइलीवर निकाली निघाले.

एकमेव म्हणणे अर्थात चुकीचे ठरेल, कारण याच शहरात भारतातील सर्वांत मोठी उघड लपवाछपवी घडली आहे. नेकचंद सैनी नावाचे सार्वजनिक बांधकाम खात्यातील रस्ता निरीक्षक १९५७ च्या सुमारास कामाची वेळ संपल्यावर सायकलवरून सुखना तलावाजवळच्या जंगलात जाऊ लागले. शहरासाठी पाडलेल्या खेड्यांतील फुटक्या बांगड्या, कपबश्या, विटा, न्हाणीघरातील फरश्यांचे तुकडे आणि नदीतले दगड त्यांनी तिथे वाहून नेले, आणि रात्री जळत्या जुन्या टायरांच्या उजेडात त्यांतून माणसे, पशू, पक्षी, राजवाडे घडवले. ती जमीन राखीव वनक्षेत्र होती, त्यामुळे हे सगळे बेकायदा होते. जवळपास अठरा वर्षे, बारा एकरांवर, शेकडो पुतळे उभे राहिले, तरी ज्या शहरात खिडकीच्या पडदीचे माप बदलायलाही परवानगी लागते, त्या शहराच्या प्रशासनाला त्याची गंधवार्ता नव्हती. सत्तरच्या दशकाच्या मध्यास ते उघडकीस आले, तेव्हा काही अधिकाऱ्यांनी कायद्याप्रमाणे सर्व पाडण्याचा विचार केला. पण लोकमत आड आले आणि १९७६ मध्ये त्या गुन्ह्याच्या जागेचे रॉक गार्डन म्हणून उद्घाटन झाले. गुन्हेगाराला पगार, मदतीला पन्नास मजूर आणि १९८४ मध्ये पद्मश्री मिळाली. शिस्तीच्या शहरात कोणी काही लपवू शकत नाही, असे मानणाऱ्या लेखकाने या बागेचे तिकीट काढावे. शिस्तीच्या शहरात लपवणे सोपे असते, कारण प्रत्येक जण स्वतःच्या सेक्टरात पाहत असतो. कॉर्बुझिएच्या रचनेत सेक्टरांना वेढणाऱ्या मोठ्या रस्त्यांवर घरांची दारे उघडतच नाहीत, सगळी वस्ती आत तोंड करून बसते. पुण्याच्या पेठेत ओट्यावर बसून जो तपास आपोआप होतो, त्याला या रस्त्यांवर जागाच ठेवलेली नाही.

आता कुटुंबाकडे वळावे. चंडीगडमधील खानदानी घराला कोठी म्हणतात आणि तिची प्रतिष्ठा कनाल या मापात मोजतात. एक कनाल म्हणजे वीस मरला, आणि शहराच्या हिशेबात सुमारे ५०० चौरस यार्ड. साठच्या दशकात एखाद्या अधिकाऱ्याने किंवा फाळणीत सर्वस्व गमावून आलेल्या व्यापाऱ्याने स्वस्तात घेतलेला असा भूखंड आज कोट्यवधींचा आहे, त्यावर तीन मजले आहेत, तळमजल्यावर आईवडील, वर थोरला, त्यावर धाकटा आणि कॅनडात मधला. जमिनीची किंमत आणि मालकाचे वय दोन्ही वाढत असतात. फरक इतकाच, की एकीला मर्यादा नाही. रहस्यकादंबरीला लागणारा हेतू, म्हणजे खून कशासाठी केला याचे उत्तर, इथे लेखकाला शोधावे लागत नाही. ते नोंदणी कार्यालयात मिळते.

त्यात सर्वोच्च न्यायालयाने अनवधानाने मोलाची भर घातली आहे. एकाच कोठीचे हिस्से परस्पर विकून प्रत्यक्षात मजल्यामजल्याचे स्वतंत्र फ्लॅट करण्याची प्रथा चंडीगडमध्ये बोकाळली होती. १० जानेवारी २०२३ च्या निकालाने, जो मूळचे अमरावतीचे न्यायमूर्ती भूषण गवई यांनी लिहिला, सेक्टर १ ते ३० या कॉर्बुझिएकालीन भागात तिला मनाई झाली, आणि त्यामागोमाग प्रशासनाने कुटुंबाबाहेरच्या माणसाला हिस्सा विकण्यावर निर्बंध घातले. शहराच्या वारशासाठी निकाल योग्यच आहे. पण त्याचा साहित्यिक परिणाम असा, की ज्या दोन भावांचे एकमेकांशी पटत नाही, त्यांपैकी एकाला आपला वाटा विकून मोकळे व्हायचे असेल तर गिऱ्हाईक म्हणून बहुतेक दुसरा भाऊच उरतो. जुन्या इंग्रजी कादंबऱ्यांत सर्व संशयितांना एका घरात अडकवण्यासाठी हिमवादळ आणावे लागे, पूल वाहून न्यावा लागे, बोट बुडवावी लागे. चंडीगडच्या लेखकाला हवामानावर अवलंबून राहण्याचे कारण नाही.

आणि हे शहर तरी स्वतः कोणत्या घरात राहते? १ नोव्हेंबर १९६६ रोजी पंजाबमधून हरियाणा वेगळा झाला, तेव्हा दोन्ही राज्यांनी चंडीगड आपलेच म्हटले, म्हणून केंद्राने ते आपल्या हाती ठेवून दोघांचीही राजधानी केले. १९८५ च्या राजीव-लोंगोवाल करारात पुढच्या प्रजासत्ताक दिनी ते पंजाबला देण्याचे ठरले होते. तो प्रजासत्ताक दिन येऊन गेला, त्यानंतरचेही बरेच गेले. एका विधानसभेच्या इमारतीत दोन विधानसभा भरतात आणि वाटणीतल्या वीस खोल्या पंजाबने अजून सोडल्या नाहीत, अशी हरियाणाची जुनी तक्रार आहे. भाऊबंदकीचे इतके स्वच्छ, काँक्रीटमध्ये ओतलेले आणि २०१६ पासून युनेस्कोच्या यादीत गेलेले उदाहरण जगात नसावे. पोलीस खात्यातही वाटणी आहे: प्रघात असा, की कायदा-सुव्यवस्थेचा वरिष्ठ पोलीस अधीक्षक पंजाब केडरचा, म्हणजे त्या राज्याच्या सेवेत नेमलेला, आणि वाहतुकीचा हरियाणा केडरचा. चंडीगडमध्ये कोणी खून करून गाडीतून पळाला तर प्रेत एका राज्याच्या वाट्याला जाते आणि गाडी दुसऱ्याच्या.

या भूप्रदेशात हौशी शोधक आणि बिघडलेले कुटुंब यांची खरी गाठ घालून दिली ती किश्वर देसाई यांनी. अंबाल्यात जन्मलेल्या, दूरचित्रवाणीत कारकीर्द केलेल्या या लेखिकेची ‘विटनेस द नाइट’ ही पहिली इंग्रजी कादंबरी २०१० साली इंग्लंडमधील कोस्टा पुरस्काराच्या पदार्पण विभागात सर्वोत्तम ठरली. घटनास्थळ चंडीगडपासून सुमारे दीडशे किलोमीटरवरचे जालंधर. एका संपन्न घरात तेरा माणसे मृत सापडतात, चौदा वर्षांची दुर्गा तेवढी जिवंत असते, आणि पोलिसांच्या दृष्टीने प्रश्न तिथेच सुटलेला असतो. येथेही आकडा तेराच आहे, याकडे मघाच्या हौशी शोधकाचे लक्ष गेलेच असेल. या मुलीशी बोलायला दिल्लीहून सिमरन सिंग नावाची समाजसेविका येते. ती पंचेचाळिशीची, अविवाहित, सिगारेट ओढणारी, व्हिस्कीला नाही न म्हणणारी असून तेरा खुनांच्या धामधुमीतही तिच्या आईला मुख्य चिंता मुलीच्या लग्नाची आहे. शेरलॉक होम्सला आई नव्हती, निदान फोन करणारी नव्हती. भारतीय रहस्यकथेने या शाखेत घातलेली ही मूलभूत भर मानावी लागेल. टार्क्विन हॉल या इंग्रज लेखकाने तर याची दुसरी बाजू रंगवली आहे: त्याचा विश पुरी हा दिल्लीचा पंजाबी खासगी गुप्तहेर व्यावसायिक आहे आणि हौशी शोधक आहे ती त्याची मम्मीजी, जिला मुलाने कितीही मनाई केली तरी ती गुन्हा शोधायला निघतेच.

सिमरनच्या कथेचा शेवट इथे सांगणे शिष्टाचाराला सोडून होईल. मात्र त्या घरात काय लपवले होते, याची दिशा सांगता येते, कारण ती जनगणनेत छापलेली आहे. २००१ मध्ये पंजाबात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे ७९८ मुली होत्या, २०११ मध्ये ८४६. चंडीगड, ज्याला सुशिक्षितांचे शहर म्हणतात, तिथे २००१ चा आकडा ८४५ होता. महाराष्ट्राने यावर नाके मुरडू नयेत, २०११ मध्ये आपलाही आकडा ८९४ होता. रहस्यकथेच्या रूढ व्यवस्थेत एक मृत, एक खुनी आणि बाकीचे निर्दोष असतात, म्हणून शेवटच्या प्रकरणात खुन्याला नेल्यावर उरलेले कुटुंब चहा घेऊ शकते. देसाईंच्या कादंबरीचे मोठेपण असे, की तिने विचारलेल्या प्रश्नाला ही व्यवस्था पुरत नाही: ज्या मुली जन्मालाच आल्या नाहीत किंवा येऊन नाहीशा झाल्या त्यांचे प्रेत सापडत नाही, फिर्यादी नसतो, आणि सगळे घर, दाई आणि डॉक्टर यांच्यासकट, एकाच बाजूला उभे असते. चंडीगडच्या सरळ रस्त्यांनी, हवेशीर खोल्यांनी आणि चांगल्या शाळांनी तो आकडा सुधारला नव्हता. वास्तुकार घरात ऊन आणू शकतो. घरातली माणसे पडदे लावू शकतात.

या गंभीर वळणावरून हौशी शोधकाच्या पुरवठ्याकडे यायचे, तर तिथे टंचाई मुळीच नाही. चंडीगडला हिरव्या कुंपणांचे आणि पांढऱ्या दाढ्यांचे शहर म्हणतात. दोन राज्यांची आणि एका केंद्रशासित प्रदेशाची नोकरशाही इथे काम करते आणि निवृत्तीनंतरही शहर सोडत नाही, शेजारच्या चंडीमंदिर छावणीतले लष्करी अधिकारी त्यात भर घालतात. पहाटे सुखना तलावाच्या काठाने चालणाऱ्या मंडळींत निवृत्त सचिव, निवृत्त पोलीस महासंचालक, निवृत्त न्यायाधीश आणि निवृत्त जनरल इतक्या संख्येने असतात, की एखादे प्रेत तरंगत आले तर तपास, खटला, अपील आणि लष्करी कारवाई हे सर्व न्याहारीपूर्वी उरकता येईल. प्रत्येकाकडे वेळ आहे, अनुभव आहे, आणि आपण पदावर असतो तर हे घडलेच नसते ही खात्री आहे.

गंमत अशी, की कायद्यानेच हौशी माणसाची जागा राखून ठेवली आहे. झडतीच्या वेळी त्या भागातील किमान दोन स्वतंत्र आणि प्रतिष्ठित रहिवासी हजर असावेत असा नियम जुन्या दंड प्रक्रिया संहितेत होता आणि नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही आहे. त्यांनाच पंच म्हणतात आणि जे लिहिले जाते तो पंचनामा. चंडीगडच्या कोणत्याही गल्लीत या पात्रतेचे रहिवासी अर्धा डझन सहज निघतील. परंतु पंच होणे म्हणजे पुढे वर्षानुवर्षे न्यायालयात तारखेला हजर राहणे, त्यामुळे हवालदार पंच शोधायला निघाला की क्षणापूर्वी कुंपणावरून खुन्याचे नाव सांगणारे गृहस्थ गुडघ्याच्या दुखण्याने आत जातात. घरोघरी असलेली ही चूल मराठी वाचकाला वेगळी सांगायला नको. व्यावसायिकांची स्थितीही फार निराळी नाही: खासगी गुप्तहेर संस्थांचे नियमन करण्यासाठी २००७ मध्ये संसदेत विधेयक मांडले गेले, पण त्याचा कायदा झाला नाही, त्यामुळे भारतात गुप्तहेर होण्यासाठी सरकारी परवाना लागत नाही. या धंद्यातले बरेचसे काम लग्नाआधी वराची आणि लग्नानंतर नवऱ्याची चौकशी करण्याचे असते, आणि मुंबईच्या रजनी पंडित यांनी एका तपासासाठी संशयिताच्या घरी मोलकरीण म्हणून राहण्याइतके ते निष्ठेने केले आहे.

चंडीगडच्या हौशी शोधकाने मात्र एक अस्सल प्रकरण हाताळले आहे आणि त्यात प्रेत नसून खुर्च्या आहेत. कॉर्बुझिएचा चुलतभाऊ पिएर जनरे याने इथल्या कचेऱ्या, ग्रंथालये आणि वसतिगृहे यांसाठी सागवानी, वेताच्या विणीच्या, तिरक्या पायांच्या खुर्च्या घडवल्या. कालांतराने सरकारी कचेऱ्यांना त्या जुनाट वाटल्या, गच्चीवर त्यांचे ढीग लागले, निकामी असा शेरा मारून त्या भंगारात लिलाव झाल्या, आणि काही वर्षांनी त्याच खुर्च्या पॅरिस, लंडन, न्यूयॉर्कच्या लिलावांत लाखो रुपयांना विकल्या जाऊ लागल्या. शोधकथेत चोर मालावरची खूण आधी घासून काढतो. इथे उलटे झाले. खुर्चीच्या पाठीवर पांढऱ्या रंगात लिहिलेले खात्याचे नाव आणि साठा क्रमांक हाच ती अस्सल असल्याचा पुरावा ठरून त्याने किंमत वाढू लागली, त्यामुळे सरकारी कारकुनाने कंटाळून रंगवलेले अक्षर परदेशातील धनिक काचेखाली जपतात. २०११ मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने अशा वस्तूंच्या विक्रीला मनाई केली, वारसा म्हणून नोंदलेल्या वस्तूंची संख्या १२,७९३ भरली, आणि अजय जग्गा हे स्थानिक वकील परदेशातील लिलावांच्या याद्या तपासून मंत्र्यांना व दूतावासांना पत्रे पाठवू लागले. अडचण अशी, की प्राचीन वस्तूंच्या १९७२ च्या कायद्याप्रमाणे वस्तू शंभर वर्षे जुनी असावी लागते आणि खुर्च्यांचे वय तितके नाही. म्हणजे गुन्ह्याची जागा ठाऊक आहे, माल कुठे आहे हे ठाऊक आहे, सह्या कोणाच्या आहेत हेही फाइलीत आहे. फक्त बहुतेक व्यवहारांत गुन्हा सापडत नाही. रहस्यकादंबरीच्या इतिहासात हा प्रयोग अद्याप कोणी केलेला नाही.

इतकी सामग्री आयती पडून असताना चंडीगडच्या कोठीत घडणारी मराठी रहस्यकादंबरी कोणीतरी लिहायला हरकत नाही. बदलीच्या निमित्ताने तिथे राहणारी बँकेतली किंवा लष्करातली मराठी कुटुंबे आहेत आणि शेजारच्या घरात काय शिजते हे कळायला पंजाबी यावेच लागते असे नाही. अशा लेखकाला शेवटच्या प्रकरणापुरती एक सूचना करावीशी वाटते. सर्व संशयितांना दिवाणखान्यात बसवून शोधकाने खुलासा करायचा आणि खुन्याने सर्वांसमक्ष कबुली द्यायची, ही रूढी पाळताना बहुतेक लेखक इन्स्पेक्टरलाही तिथेच उभे करतात आणि खुन्याला त्याच्याकडे वळून बोलायला लावतात. भारतीय कायद्यात पोलीस अधिकाऱ्याला दिलेली कबुली पुरावा म्हणून आरोपीविरुद्ध वापरता येत नाही. १८७२ च्या पुरावा कायद्यातील ही तरतूद २०२३ च्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम २३ मध्ये कायम आहे. उलट खासगी माणसाला स्वेच्छेने दिलेली कबुली, जिला न्यायालयबाह्य कबुली म्हणतात, दुर्बळ का होईना, पण ग्राह्य असते. तेव्हा कबुली शेजारच्या निवृत्त गृहस्थाला द्यावी, इन्स्पेक्टरला तेवढा वेळ स्वयंपाकघरात पराठे खायला बसवावे, आणि त्या गृहस्थाला साक्षीच्या तारखेपर्यंत जिवंत ठेवावे.